फुकट मिळणाऱ्या मुदतवाढीसाठी मी ११,८०० रुपये भरले

२०२५च्या ऑगस्ट महिन्यात, प्ले स्टोअरच्या नव्या नियमांप्रमाणे अ‍ॅप सुधारून देतो असे सांगून माझी एकूण ६०,१८० रुपयांची फसवणूक झाली. हे लिहायला इतका उशीर झाला याचे कारण लाज हेच आहे. मी नऊ वर्षे अँड्रॉइडची अ‍ॅप्स स्वतः लिहितो, आणि मला फसवले गेले ते नेमके माझ्याच कामाच्या विषयात. लॉटरी, पार्सल, वीजबिल असल्या निरोपांना मी कधी भुललो नाही, म्हणून आपण सावध आहोत असे मला वाटत होते.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहून मी दूध संकलन केंद्रांसाठी अ‍ॅप चालवतो. उत्पादकाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) नोंदवायचे, दरपत्रकाप्रमाणे रक्कम काढायची, ब्लूटूथच्या छोट्या थर्मल प्रिंटरवर पावती द्यायची आणि दर दहा दिवसांनी बिल तयार करायचे, एवढेच त्याचे काम. ४१२ केंद्रे वर्षाला १,५०० रुपये देऊन ते वापरतात. माझे घर या अ‍ॅपवर चालते, हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

त्या वर्षीच्या दोन मुदती हे काम करणाऱ्या प्रत्येकाला आठवत असतील. ३१ ऑगस्टपासून प्ले स्टोअरवर नवे अ‍ॅप किंवा अपडेट टाकायचे असेल तर ते अँड्रॉइड १५ला, म्हणजे एपीआय ३५ला (हा अँड्रॉइडच्या त्या आवृत्तीचा तांत्रिक क्रमांक), लक्ष्य करणारे, म्हणजे त्या आवृत्तीच्या नियमांनी चालणारे असावे लागणार होते. आणि अशा अ‍ॅपमध्ये सी किंवा सी++ मध्ये लिहिलेली लायब्ररी, म्हणजे तयार कोडची फाइल, असेल तर १ नोव्हेंबरपासून तिने १६ केबीच्या मेमरी पेजवर (फोन ज्या तुकड्यांत मेमरी वाटतो त्यातला एक तुकडा) चालणे बंधनकारक होणार होते. माझी प्रिंटरची लायब्ररी २०१९ सालची, जुन्या ४ केबीच्या हिशोबाने बांधलेली. तिचा मूळ कोड माझ्याकडे नव्हता आणि ती देणारा प्रिंटर उत्पादक ईमेलना उत्तर देत नव्हता. एपीआयचा आकडा बदलणे मला जड नव्हते. या एका फाइलने माझी झोप उडवली होती.

९ ऑगस्टला एका कंपनीच्या नावाने ईमेल आला. त्यात माझ्या अ‍ॅपचे नाव होते, त्याचा तेव्हाचा एपीआय क्रमांक ३४ होता, आणि ‘आपल्या अ‍ॅपमधील प्रिंटरची लायब्ररी १६ केबीच्या चाचणीत नापास होते’ असे त्या फाइलच्या नावासह लिहिले होते. मी हबकलो. आतली माहिती असल्याशिवाय हे कुणाला कळेल, असे मला वाटले. प्रत्यक्षात प्ले स्टोअरच्या पानावर विकसकाचा ईमेल सर्वांना दिसतो, आणि अ‍ॅप उतरवून उघडले की आतल्या फाइलींची नावे कुणालाही पाच मिनिटांत वाचता येतात. तुमच्या अ‍ॅपबद्दल अचूक तांत्रिक माहिती देणारा माणूस प्ले स्टोअरशी संबंधित असतोच असे नाही. खरी सूचना प्ले कन्सोलच्या, म्हणजे विकसक जिथून आपले अ‍ॅप सांभाळतो त्या संकेतस्थळाच्या, इनबॉक्समध्ये असते. तिथे नसेल तर त्या ईमेलला उत्तर देऊ नका.

मी उत्तर दिले. फोनवर बोलणारा माणूस शांत, नम्र आणि जाणकार होता. स्वच्छ मराठी बोलायचा, ‘सर’ म्हणायचा. जुन्या अ‍ॅप्सचे काम आपोआप नव्या नियमांनुसार करून देणारे त्यांचे एक टूल असल्याचे त्याने सांगितले. ११ ऑगस्टला मी तपासणी अहवालाचे ४,५०० रुपये दिले. छत्तीस पानांचा अहवाल आला. तो कुठल्याही विनामूल्य टूलमधून निघणाऱ्या इशाऱ्यांची यादी होती, पण सजवलेली होती. १४ ऑगस्टला कामाचे १६,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, असे १८,८८० रुपये भरले. त्याच दिवशी प्ले कन्सोलवर त्यांना प्रशासकाचा अधिकार दिला, आणि अपलोड करण्याची की, म्हणजे अपडेट माझ्याकडूनच आले हे ठरवणारी डिजिटल सहीची फाइल, पासवर्डसकट पाठवली. हे लिहितानाही हात थांबतो. अपलोड की कुणाला देऊ नये, असे इतरांना मी स्वतः सांगत आलो आहे. पण मुदत सतरा दिवसांवर होती, फोनवर रोज केंद्रचालक विचारत होते की नव्या दरपत्रकाचे अपडेट कधी येणार, आणि समोरचा माणूस मला जे ठाऊक होते तेच बोलत होता.

त्या बिलाबद्दल आधी सांगतो. पत्ता पुण्याचा होता आणि कर ९ टक्के केंद्राचा व ९ टक्के राज्याचा असा लावलेला होता, पण जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक ०७ होते. महाराष्ट्राचा संकेतांक २७ आहे, ०७ दिल्लीचा. दर महिन्याला मी स्वतः बिले करतो, हे मला दिसायला हवे होते. नंतर जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला तेव्हा भलत्याच व्यापाऱ्याचे नाव निघाले. हा शोध विनामूल्य आहे आणि त्याला एक मिनिटही लागत नाही. शिवाय पैसे पाठवताना यूपीआयच्या पडद्यावर कंपनीचे नाव येत नव्हते, एका व्यक्तीचे येत होते. ‘मालकांचे खाते आहे सर,’ एवढ्या उत्तरावर मी थांबलो.

२२ ऑगस्टला फाइल आली. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी गावातल्या केंद्रावर अँड्रॉइड १५च्या फोनवर ती लावून पाहिली. कॅन रिकामे होत होते, रांगेतल्या पहिल्या उत्पादकाचे ४.१ फॅट नोंदले गेले, आणि ‘पावती काढा’ हे बटण फोनच्या खालच्या तीन बटणांच्या पट्टीमागे अर्धे गाडले गेलेले दिसले. केंद्रचालक दोनदा दाबून पाहत होता आणि दोन्ही वेळा फोन मुख्य पडद्यावर जात होता. एपीआय ३५ला लक्ष्य केले की पडदा काठापासून काठापर्यंत आखला जातो आणि मांडणी त्याप्रमाणे सुधारावी लागते, हे या कामातला नवशिकाही वाचतो. त्यांनी काही सुधारलेच नव्हते, फक्त ३४चा ३५ केला होता.

घरी येऊन मी प्रिंटरची लायब्ररी ऑब्जडंप या फाइल तपासण्याच्या टूलने उघडली. अलाइनमेंटच्या, म्हणजे फाइल किती मापाच्या पेजवर बसवली आहे हे सांगणाऱ्या ओळीत २**१२ (दोनचा बारावा घात) असे होते, म्हणजे ४,०९६ बाइट. १६ केबीसाठी तिथे २**१४ हवे. फाइलला हातही लागलेला नव्हता. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिले, वहीत लिहून ठेवले, आणि त्यांना फोन करून विचारले. तो म्हणाला, ‘सर, लायब्ररी नव्याने बांधायला वेळ लागतो. आपण अधिकृत मुदतवाढ घेऊ, १ नोव्हेंबरपर्यंत. शुल्क १०,००० अधिक जीएसटी.’

मी थांबायला हवे होते ते इथे. एपीआय ३५च्या मुदतवाढीचा अर्ज प्ले कन्सोलमध्येच होता आणि तो मी जुलैमध्ये स्वतः पाहिला होता. एक छोटा प्रश्नसंच भरायचा होता. शुल्काचा उल्लेख कुठेही नव्हता, कारण शुल्क नव्हतेच. मी मात्र असा विचार केला की खाते उघडताना २५ डॉलर भरले होते, तसे याचेही काही असेल. समोर २**१२ दिसत असताना मी दुसऱ्याचे शब्द खरे धरले. २७ तारखेला घरी गणपती बसले, पाहुणे होते, आणि २८ला दुपारी आरतीनंतर मी ११,८०० रुपये पाठवले. अर्ध्या तासात कन्सोलवर मुदतवाढ मंजूर झालेली दिसली. त्यांनी माझ्याच प्रशासक अधिकाराने तो विनामूल्य अर्ज भरला होता. पण मला ते काम झाल्याचा पुरावा वाटले आणि उरलासुरला संशयही गेला. पुढचे २५,००० मी त्या विश्वासावर दिले, हे तपासणाऱ्या कुणीही समजून घेतले नाही. मी आंधळेपणाने पैसे देत गेलो नाही. पैसे दिल्यावर मला खरोखर घडलेली गोष्ट दाखवली गेली.

३० ऑगस्टला ‘१६ केबी प्रमाणपत्रासाठी परत मिळणारी अनामत’ म्हणून २५,००० रुपये गेले. असे कुठलेही प्रमाणपत्र अस्तित्वात नाही. १ सप्टेंबरपासून त्यांचा फोन बंद झाला. २ तारखेला रात्री पुण्यात नोकरी करणाऱ्या मावसभावाला सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘दादा, मुदतवाढ फुकट असते.’

त्याच रात्री सर्वांत आधी त्यांचा प्रशासक अधिकार काढला आणि अपलोड की बदलून मिळण्याचा अर्ज केला. अ‍ॅपची अंतिम सही प्ले स्टोअरकडे असल्यामुळे अपलोड की बदलता येते. ज्यांनी अजून सहीची मूळ की स्वतःकडेच ठेवली आहे त्यांना ही सोय नाही, त्यांनी याचा विचार आजच करावा. दोन दिवस मी दर तासाला कन्सोल उघडून पाहत होतो, कारण माझ्या नावाने ४१२ केंद्रांच्या फोनवर कुणी काय पाठवेल याची मला पैशांहून जास्त भीती होती.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि क्रमांक मिळाला. पुढे जे झाले त्याचा राग अजून गेलेला नाही. ३ सप्टेंबरला बँकेत गेलो. अधिकारी पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, ‘पिन तुम्हीच टाकलात ना? मग बँकेचा संबंध नाही.’ ज्या खात्यांत पैसे गेले तिथे निदान कळवा, असे म्हटल्यावर एफआयआरची प्रत आणा असे सांगितले. एफआयआरसाठी पोलीस ठाण्यात गेलो, तर आधी विचारले गेले की हे कर्ज देणारे अ‍ॅप आहे का. मी पाऊण तास दूध, फॅट, प्रिंटर आणि मेमरी पेज समजावले. मग बिल पाहून म्हणाले, ‘बिल आहे, काम दिले आहे, फाइल आली आहे. हा दिवाणी वाद आहे, वकील गाठा.’ बनावट जीएसटी क्रमांकावर केलेले बिल हाच फसवणुकीचा पुरावा आहे, हे मी छापील कागद समोर ठेवून दाखवले. तो कागद कुणी उचललाही नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. तिथे एक दिवस बसवून सांगितले की रक्कम लहान आहे, स्थानिक ठाण्यातच नोंद होईल. परत आलो तर संबंधित साहेब गणपती बंदोबस्तावर. एकूण सात फेऱ्या. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून कथा, आणि प्रत्येक वेळी तेच वाक्य: ‘तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हाला कळले नाही?’ ज्याला फसवले त्यालाच हे विचारायचे, आणि ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचे नाव समोर छापलेले असताना त्याला फोनही करायचा नाही, याला तपास कसे म्हणायचे?

शेवटी मावसभावाच्या ओळखीच्या वकिलांनी अर्ज लिहून दिला. त्यात भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८(४) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड नमूद केले, आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती घडल्याच्या जागेचा विचार न करता नोंदवावी लागते, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दाखवून दिले. ठाण्याने नाकारले तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतो. आम्ही टपालाने पाठवला, आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी एफआयआर झाला. तुम्ही पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेले कुठेही राहत नाही.

तोपर्यंत पैसे चार खात्यांतून पुढे गेले होते. एका खात्यात ३,१४० रुपये गोठवलेले सापडले. बँकेने तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न दिल्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केला आहे.

लायब्ररीचा प्रश्न मी ऑक्टोबरमध्ये सोडवला, आणि त्याला एक रुपयाही लागला नाही. हे छोटे थर्मल प्रिंटर ईएससी-पीओएस या पावती छापण्याच्या आज्ञावलीतल्या साध्या आज्ञा ब्लूटूथवरून थेट घेतात. त्यासाठी त्या जुन्या फाइलची गरजच नव्हती. अकरा रात्री बसून तो भाग कोटलिन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत नव्याने लिहिला. मराठी अक्षरे प्रिंटरला कळत नाहीत, म्हणून पावती चित्र करून पाठवावी लागली, त्यातच निम्मा वेळ गेला. ज्यांच्याकडे लायब्ररीचा मूळ कोड आहे त्यांनी एनडीके या अशा लायब्ररी बांधण्याच्या अँड्रॉइडच्या संचाच्या २८व्या आवृत्तीने ती पुन्हा बांधावी. १६ केबीची अलाइनमेंट आपोआप येते. दुसऱ्याची तयार लायब्ररी असेल तर तिची नवी आवृत्ती निघाली आहे का ते पाहावे, आणि अँड्रॉइड स्टुडिओच्या एपीके अ‍ॅनालायझरमध्ये स्वतः फाइल उघडून खात्री करावी. कुणी ‘तो इशारा चुकीचा आहे’ असे म्हणाले तर त्याला १६ केबीच्या एमुलेटरवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या आभासी फोनवर, अ‍ॅप चालवून दाखवायला सांगा.

कामासाठी बाहेरचा माणूस घ्यावाच लागला तर त्याला कोडची प्रत द्या, कन्सोलचा अधिकार आणि की देऊ नका. बांधलेली फाइल तुम्हीच सही करून चढवा. मी ही एवढी एक गोष्ट पाळली असती, तर मुदतवाढीचा तो अर्ज मलाच भरावा लागला असता आणि त्यावर शुल्क नाही हे मला त्याच क्षणी दिसले असते.

गेल्या आठवड्यात ठाण्यातून फोन आला. नवे तपास अधिकारी आले आहेत आणि त्यांना बिलाची रंगीत प्रत हवी आहे. आधीच्या तीन प्रती फाइलमध्ये सापडत नाहीत, असे ते म्हणाले. चौथी काढून ठेवली आहे, सोमवारी घेऊन जाणार आहे, आणि या वेळी पोच घेतल्याशिवाय परतणार नाही.