मागील दारी लाकडी डेक की फरसबंद अंगण?

रत्नागिरीजवळ घर बांधणाऱ्या एका स्नेह्यांना हा प्रश्न पडला आहे. (डेक म्हणजे जमिनीपासून थोडा वर उचललेला फळ्यांचा ओटा.) तेथे वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात पडत असल्याने, खर्चाआधी टिकाऊपणा पाहावा. साग चांगला असला तरी नियमित तेलपाणी मागतो, आणि डेकखालच्या ओलाव्यात वाळवी लागली, तर ती वरून लवकर दिसत नाही. फरशीला वाळवीचे भय नाही; मात्र तिच्यावर शेवाळ धरते, म्हणून ती खरखरीत घ्यावी आणि पाणी घरापासून दूर वाहील असा, मीटरमागे दीड सेंटिमीटर उतार द्यावा. सपाट जागेत फरशीच स्वस्त पडते. जमीन तीव्र उताराची असेल, तर मात्र भराव आणि आधारभिंतीच्या खर्चापुढे खांबांवरचा डेक परवडू शकतो. आमसुले वाळवायची असतील, तर अंगणच हवे. निगा राखायला माणूस असेल आणि दरीकडे पाहत बसायचे असेल, तर डेक करावा.