कॅम्परसाठी प्लगवाला वॅटमीटर – घ्या, पण निघायच्या आधी घ्या

स्टुटगार्टहून कॅम्पर (झोपायची, स्वैपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन आम्ही ९ दिवस फ्रान्सला ऍनसीच्या तळ्याकाठी गेलो होतो, मी, नवरा, लेक आणि सांगलीहून आलेली माझी आई. हा मीटर तिथे चौथ्या दिवशी एका हार्डवेअरच्या दुकानात घेतला, १३ युरो, म्हणजे दोनदा लाईट घालवून झाल्यावर अक्कल आली.

झालं काय, कॅम्पसाईटच्या रिसेप्शनवर विचारलं ६ अँपिअर हवेत का १०, नवरा म्हणाला ६ बास, आपल्याला कुठे एसी लावायचाय, रोजचे ३ युरो वाचतील. आता २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १३८० वॅट, बस, अख्ख्या गाडीला मिळून एवढेच. त्यातून फ्रीज साधारण १७० आणि बॅटरीचा चार्जर अडीचशेच्या आसपास गुपचूप खात असतात, म्हणजे हातात उरले जेमतेम साडेनऊशे. आणि आम्ही घरची केटल उचलून आणलेली, २२०० वॅटची!

गंमत म्हणजे पहिल्या दिवशी त्याच केटलने काही झालं नाही. आईपुरतं पाणी, अर्धा लिटरसुद्धा नव्हतं, मिनिटभरात उकळलं. आम्ही म्हटलं बघा उगाच घाबरवतात लोक. दुसऱ्या दिवशी चौघांसाठी भरून ठेवली आणि दीड मिनिटात ठप्प. साईटवर ज्या खांबावरून गाडीला वीज घेतात त्याच्या एमसीबीत एक पट्टी असते ती जास्त करंट गेला की तापून वाकते आणि मग पडते, दुपटीच्या आसपास लोड असेल तर तिला तापायला थोडा वेळ लागतो एवढंच, म्हणून पहिल्या दिवशी वाचलो होतो. डबा कुलूपबंद, रिसेप्शनवाला येऊन वर करून गेला, बोलला काही नाही पण केटलकडे बघून हसला.

दुसऱ्यांदा गेली ती मात्र कळलीच नाही. रात्री १० ला नवऱ्याने भांडी घासायला पाणी तापवायचा बॉयलर विजेवर टाकला, १८०० वर, गॅसवर टाकायचा सोडून. कॅम्परमधले दिवे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात त्यामुळे आत सगळं लखलखीत, पंप चालू, पोरगं मोबाईल चार्ज करतंय, आणि बाहेर खांबावर एमसीबी पडलेला. फ्रीज रात्रभर बंद. (कॅम्परचा फ्रीज विजेवर नाहीतर गॅसवर चालतो, नवीन फ्रीज आपोआप गॅसवर जातात म्हणे, आमच्यात बटण हाताने फिरवायचं होतं.) सकाळी आईने दार उघडलं तर इडलीचं पीठ डब्याचं झाकण उचलून खालच्या कप्प्यातल्या भाजीवर आलेलं. "अगं, इकडच्या थंडीत पीठ फुगत नाही म्हणत होतीस ना," असं म्हणून ती हसत बसली, पुसायला मी.

तर मीटर. भिंतीतल्या सॉकेटमधे हा लावायचा आणि त्यात आपली वस्तू, वॅट, व्होल्ट, अँपिअर सगळं दिसतं. एका संध्याकाळी आम्ही एकेक वस्तू लावून बघितली. भारतातून आणलेला मिक्सर, वर ७५० लिहिलेलं, चटणी वाटताना ४०० च्या आसपास. लॅपटॉप ६०. माझा हेअर ड्रायर फुलवर १९००, तो तिथेच बॅगेत गेला, कमीवर ठेवला तर ८५०. म्हणजे जे तापतं तेच खातं, बाकीचं किरकोळ आहे, हे तोपर्यंत आम्ही उलटं समजत होतो आणि बिचाऱ्या पोराचा चार्जर काढून ठेवत होतो. संध्याकाळी ७ ला सगळी साईट स्वैपाकाला लागली की व्होल्ट २१७ पर्यंत खाली यायचे, ते बघायचा नादच लागला मला.

मग त्याच दुकानातून १००० वॅटची छोटी केटल घेतली. लिटरभर पाण्याला सात मिनिटं लागतात, चालतंय की, तोवर दूध गॅसवर. सकाळी बॅटरी भरलेली असते, चार्जर फारसं ओढत नाही, तेव्हा चहा निवांत होतो. इतर वेळी केटल लावायच्या आधी फ्रीज गॅसवर. पाणी कायम गॅसवर. कुकर तर गॅसवरच होता, आईचा इंडक्शनवर विश्वास नाही ते इथे पथ्यावर पडलं.

आता मीटरची खोट. हा फक्त त्याच्यात लावलेली वस्तू दाखवतो. फ्रीज, चार्जर, बॉयलर यांची वायर थेट आत जोडलेली असते, ते ह्याला दिसतच नाहीत, त्यामुळे फ्रीजच्या दारातला स्टिकर वाचून बेरीज आपणच करायची. नवऱ्याने हुशारी करून तो बाहेर खांबापाशी अडॅप्टरने लावला, सगळं एकदम दिसेल म्हणून, आणि तासाभरात पाऊस. पळत जाऊन काढला. हा घरातल्या वापराचा आहे, बाहेर अजिबात लावू नका. बटणं तांदळाएवढी आणि डिस्प्लेला लाईट नाही, कपाटाखालच्या सॉकेटमधे असेल तर टॉर्च घेऊन वाकून वाचा.

आणि केबलचं रीळ पूर्ण सोडून ठेवा, गुंडाळलेलं तापतं, आमच्या शेजारच्या डच काकांनी स्वतः येऊन आमचं सोडून दिलं.

५ पैकी ४. आईला तो सांगलीला न्यायचा होता, गीझर किती खातो बघायला, पण हा इकडचा प्लग तिकडे नीट बसत नाही, म्हणून राहिला माझ्याकडे.