पहाटेचा नॉरफोक: एमआयएलबी ॲपबद्दल एका मैदानी स्कोअररचा अभिप्राय

डोंबिवलीत सव्वापाचला उठून दूध तापत ठेवते आणि फोनवर एमआयएलबीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मायनर लीग बेसबॉलच्या ॲपमध्ये नॉरफोक टाइड्स या संघाचा सामना उघडते. तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. त्यांचे सहा पस्तीस म्हणजे उन्हाळ्यात आपले पहाटेचे चार वाजून पाच मिनिटं, त्यामुळे चहा होईपर्यंत चौथी-पाचवी इनिंग आलेली असते. डबे भरून झाले की सामनाही बहुतेक संपतो. मायनर लीगमध्ये, म्हणजे मुख्य मेजर लीगच्या खालच्या स्पर्धांत, २०२२ पासून पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) घड्याळ लावलंय, ठरलेल्या वेळात चेंडू टाकावाच लागतो, तेव्हापासून सामने लवकर आटपतात.

मी एकोणीस वर्षं आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल इथे क्रिकेटचं स्कोअरिंग करते आहे. बेसबॉलशी माझा काही संबंध नव्हता. २०२२ च्या ऑगस्टमध्ये भाच्याकडे व्हर्जिनियाला गेले, तेव्हा तो मला नॉरफोकच्या हार्बर पार्कवर घेऊन गेला. टाइड्सचा गनर हेंडरसन नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा खेळत होता. हा टिकणार, असं मी भाच्याला तिथेच म्हटलं, कारण बाहेरच्या चेंडूला तो हातच लावत नव्हता. महिना संपता संपता, ३१ तारखेला, तो टाइड्स ज्यांच्या खालचा संघ आहे त्या बॉल्टिमोर ओरिओल्सच्या मुख्य संघात गेला आणि पहिल्याच सामन्यात त्याने होमरन मारला. पुढच्या वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदितही तोच. परत आल्यावर मी ॲप घेतलं ते या मुलामुळे.

ज्यांना रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेजर लीगचे ३० संघ, आणि प्रत्येकाच्या खाली सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि सगळ्यात वरची ट्रिपल-ए अशा चार पायऱ्यांवर एकेक संघ, म्हणजे एकूण १२०. ॲपमध्ये या सगळ्यांचे बॉक्स स्कोअर (सामन्याचा स्कोअर-तक्ता), प्रत्येक खेळीचा तपशील आणि खेळाडूंची पानं मिळतात. स्कोअर बघायला पैसे पडत नाहीत. व्हिडिओचं मी सांगू शकत नाही, मी तो घेतलेला नाही. मला कागदच पुरतो.

कागद पुरतो याचं कारण बॉक्स स्कोअर नीट मांडलेला असतो. आमच्याकडे षटक संपलं की दोन्ही संघांचे स्कोअरर एकमेकांशी टॅली करतात, एक धाव इकडची तिकडे झाली की लगेच पकडली जाते. इथेही तशी पडताळणी करता येते. बॅटरच्या नावापुढे किती वेळा खेळला, किती हिट (फटका मारून गाठलेला बेस), किती वॉक (बाहेरचे चार चेंडू सोडून मिळालेला पहिला बेस), किती स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद). खाली पिचरची बाजू. दोन्ही बाजूंच्या बेरजा मी करून बघते, सवयच आहे. आधी मी दुसरं एक स्कोअर ॲप वापरत होते, त्यात फक्त अंतिम आकडा यायचा. त्यावरून पोरगा कसा खेळला हे काय कळणार?

सगळ्यात जास्त वेळ मी घालवते खेळाडूच्या पानावर. तिथे जन्मतारीख असते, सामन्यागणिक नोंद असते, कुठून कुठे पाठवला तेही असतं. जन्मतारीख आधी बघा. एकोणिसाव्या वर्षी डबल-एमध्ये जेमतेम खेळणारा मुलगा हा त्याच पायरीवर पंचविसाव्या वर्षी धो धो मारणाऱ्यापेक्षा पुढचा असतो. आणि मैदान बघा. कांगा लीग भर पावसात, उघड्या खेळपट्टीवर खेळतात. तिथल्या ओल्या विकेटवरच्या तीस धावा मी माझ्या वहीत शंभराच्या बरोबरीने लिहिते, आणि छोट्या मैदानावरच्या शंभरापुढे प्रश्नचिन्ह टाकते. ट्रिपल-एमधल्या पॅसिफिक कोस्ट लीगचंही तेच. तिथलं एक मैदान, अल्बुकर्की, समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे, विरळ हवेत चेंडू लांब जातो. तिथल्या बॅटरचे आकडे फुगतात आणि बिचारे पिचर मार खातात. हे ॲप तुम्हाला आकडा देईल, त्याचं वजन मात्र तुम्हालाच करावं लागतं.

ओरिओल्सच्याच जॅक्सन हॉलिडेचं पान तर मला पाठ आहे. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिला निवडलेला. २०२३ मध्ये एकाच मोसमात डेलमार्वा, अबर्डीन, बोवी, नॉरफोक या ओरिओल्सच्या चारही पायऱ्या चढला. एप्रिल २०२४ मध्ये वर गेला आणि ३४ वेळांत फक्त दोन हिट. परत नॉरफोकला. त्या सकाळी लोकलमध्ये उभ्याने त्याची नोंद वाचताना माझ्या पोटात कालवलं. सिलेक्शनहून परत आलेली मुलं तंबूत कशी गप्प बसतात, ते मी खूप पाहिलंय. पण पुढच्या आठवड्यांत त्याच्या ओळीत वॉक दिसत राहिले. मुलगा नजर विसरला नव्हता. ३१ जुलैला तो पुन्हा वर गेला आणि त्याच दिवशी तिन्ही बेस भरलेले असताना होमरन. मी ऑफिसात होते, डोळे भरून आले आणि शेजारच्या टेबलावरच्या ताईंना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

ट्रिपल-एच्या सामन्यांत प्रत्येक पिचचा वेगही दिसतो, कारण त्या मैदानांवर मोजणारी यंत्रणा बसवली आहे. खालच्या पायऱ्यांवर बहुतेक ठिकाणी तेवढा तपशील नसतो, तिथे हिट आणि वॉकवरूनच अंदाज बांधायचा. मला ते जड जात नाही. ॲप इंग्रजीत आहे, पण शब्द मोजकेच आणि तेच तेच येतात. माझी आठवीतली मुलगी आठवड्याभरात शिकली. सुरुवात करणाऱ्यांनी १२० संघांच्या मागे लागू नये. एकच क्लब धरा, त्याच्या चार पायऱ्या बघा, खालच्या पायरीवरचा एक मुलगा निवडा आणि त्याला दोन वर्षं द्या. माझ्याकडून पाचपैकी पाच.

सोमवारी तिकडे बहुतेक सगळ्यांना सुट्टी असते, म्हणून आपली मंगळवारची सकाळ रिकामी जाते. त्या दिवशी मी मागच्या आठवड्याचे सहा सामने वहीत उतरवून घेते, डावीकडे टाइड्स, उजवीकडे रविवारच्या कांगा लीगमधली आमची पोरं.