शोरूमच्या पॉलिशने रंग बिघडला: त्यांच्याकडूनच दुरुस्ती, बाहेरचा डिटेलर, नवा रंग की भरपाई?

सर्व्हिसिंगहून आलेल्या गाडीच्या बॉनेटवर उन्हात गोल गोल चरे दिसले आणि तुम्ही तक्रार घेऊन गेलात, की सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरचं उत्तर ठरलेलं असतं: "सोडून जा ना सर, अर्ध्या तासात काढून देतो." तिथल्या तिथे हो म्हणू नका. चरा 'काढणं' म्हणजे त्याच्या आजूबाजूचा थर घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणणं. घासलेला थर परत येत नाही.

कारखान्यात पत्र्यावर आधी ई-कोट (गंजरोधक थर) चढतो, मग प्रायमर, मग रंगाचा बेसकोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. आपल्याकडचे पेंटर त्याला लॅकर म्हणतात. हे सगळं मिळून बहुतेक गाड्यांवर १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरतं, आणि त्यात क्लिअरचा वाटा साधारण ३५ ते ५०. सावध हाताने केलेलं हलकं पॉलिश यातले एक-दोन मायक्रॉन घेतं. लोकरी पॅड लावलेली रोटरी (एकाच जागी गरगर फिरणारं पॉलिश मशीन) आणि जाड कंपाउंड (घासणारी पेस्ट) मात्र बरंच जास्त खाते, दरवाजाच्या कडेवर तर क्षणात आरपार जाते. खालच्या रंगाला अतिनील किरणांपासून वाचवणारं रसायन याच थरात असतं. त्यामुळे तो पूर्ण संपायची गरज नाही. फार पातळ झाला तरी काही उन्हाळ्यांनंतर छताचे आणि बॉनेटचे पापुद्रे निघू लागतात.

म्हणून पैसे कोण देणार हा प्रश्न माझ्या लेखी दुसरा. पुढच्या वेळी मशीन कोणाच्या हातात असणार, हा पहिला.

नुकसान कोणतं आहे

सकाळच्या तिरप्या उन्हात गाडी उभी करा, किंवा रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्यांखाली न्या. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळं दिसत असतील तर ते स्वर्ल. घाणेरड्या कपड्याने किंवा कोरडं पुसल्याने येतात. गाडी हलेल तशी सरकणारी लांब, धुरकट, नागमोडी झाक दिसली तर ते होलोग्राम, म्हणजे रोटरीची खूण. दोन्ही क्लिअरच्या वरच्या भागातच असतात. नख हलकेच फिरवा. नख अडकलं तर तो चरा पॉलिशने सुरक्षितपणे जाण्याइतका उथळ नाही.

कडेवर किंवा बॉडीलाइनवर फिका, मंद ठिपका दिसत असेल तर प्रकरण वेगळं. पांढऱ्या मऊ कापडावर थोडं पॉलिश घेऊन तिथे अगदी हलकं पुसा. कापडावर गाडीचा रंग उतरला, तर त्या जागी क्लिअर संपलेला आहे. आजच्या बहुतेक गाड्यांना ही कसोटी लागू पडते. क्लिअर नसलेल्या जुन्या साध्या रंगावर मात्र कापड रंगणारच.

तिसरा प्रकार पाण्याच्या डागांचा. शोरूमचं वॉशिंग बोअरच्या जड पाण्यावर चालत असेल आणि गाडी उन्हात तशीच वाळली असेल, तर क्षारांची गोल वर्तुळं राहतात. ताजी असतील तर रसायनाने निघतात, घासण्याची गरजही पडत नाही. काळ्या प्लॅस्टिक पट्ट्यांवर पांढरं पडलेलं कंपाउंड हा तर निव्वळ हलगर्जीपणा. तो ब्रश मारून साफ होतो, त्यावर वेळ घालवू नका.

जमलं तर मायक्रॉन मोजणाऱ्या मीटरने प्रत्येक पॅनलचं वाचन घ्या. डिटेलरकडे (गाडीची बारकाईने सफाई-पॉलिश करणाऱ्याकडे) तो असतो, जुन्या गाड्या घेणाऱ्यांकडेही असतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा: साधा मीटर सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतो, एकट्या क्लिअरची नाही, आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर तो चालत नाही. शेजारची पॅनल १२० दाखवत असताना एकच दरवाजा ९० दाखवू लागला तर तिथे खूप घासलं गेलंय, असा संशय घ्यायला जागा आहे. तोच दरवाजा २५० दाखवत असेल तर तो कधीतरी पुन्हा रंगवलेला आहे. नव्या कोऱ्या गाडीवर असं वाचन आलं, तर मग पॉलिशचा विषय बाजूला ठेवून थेट शोरूमच्या मॅनेजरसमोर बसायचं.

शोरूमकडूनच पुन्हा करून घेणं, विरुद्ध बाहेरचा डिटेलर

खरी कुस्ती या दोघांत आहे. शोरूमच्या बाजूने तीन गोष्टी: पैसे लागत नाहीत, जबाबदारी त्यांच्याच गळ्यात राहते, आणि पुढे रंगाच्या वॉरंटीवरून 'तुम्ही बाहेर काम केलंत' असं म्हणायला त्यांना तोंड राहत नाही. विरोधातली गोष्ट एकच, पण भारी. ज्या मुलाने, ज्या मशीनने आणि ज्या पॅडने हे केलं, तेच परत येणार. वॉशिंग विभागातल्या त्या मुलावर माझा राग नाही. दिवसाला इतक्या गाड्या बाहेर काढायच्या म्हटल्यावर प्रत्येक गाडीला स्वच्छ मायक्रोफायबर आणि नवं पॅड देणार कोण? दसरा-पाडव्याच्या आठवड्यात डिलिव्हरीच्या गाड्या रांगेत उभ्या असताना तर कोरड्या फडक्यानेच पुसणं चालतं.

वर एक फसवी गोष्ट आहे. अर्ध्या तासात चरे 'जातात', ते बहुतेकदा ग्लेझने भरले जातात. ग्लेझमधलं तेल आणि मेण चऱ्यात बसतं, गाडी आरशासारखी दिसते, तुम्ही सही करून घरी येता. तीन-चार वॉश झाले की सगळं जागच्या जागी. म्हणून शोरूमकडेच करून घ्यायचं ठरवलंत तर एक अट घाला: काम झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांच्या मिश्रणाने बॉनेट पुसून दाखवा. भरणं निघून जातं, उरतं ते खरं. या अटीवर समोरचा कसा चेहरा करतो, त्यावरूनही बरंच कळतं. ज्यांच्या बॉडीशॉपमध्ये खरोखर हुशार पेंटर आहे ते बिनधास्त हो म्हणतात, आणि अशी ठिकाणं नाशकात आहेत.

बाहेरच्या डिटेलरचं गणित उलटं. तो एका गाडीला एक-दोन दिवस देतो, आधी हातभर जागेवर चाचणी करतो, सगळ्यात सौम्य पॅड-पॉलिशने सुरुवात करतो आणि डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) मशीन वापरतो. हे मशीन फिरता फिरता डोलतं, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही आणि होलोग्राम उठण्याची शक्यता कमी असते. पण पाटी लावली की डिटेलर होत नाही. नाशकात गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत वॉशिंग सेंटरच्या बोर्डावर आता 'डिटेलिंग स्टुडिओ' लिहिलेलं दिसतं. आत गेल्यावर तीन प्रश्न विचारा: मीटर आहे का, आधीचं आणि नंतरचं वाचन लिहून द्याल का, आणि चाचणीची जागा मला उन्हात बघू द्याल का. तिसऱ्या प्रश्नाला "आमच्या लाइटमध्ये बघा ना" असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघावं. यासाठी मुंबई-पुण्याला गाडी न्यायची मात्र गरज नाही. हायवेवर ट्रकमागून उडालेल्या खडीने जे नवे टवके पडतील त्यांचं काय करायचं?

माझं मत: स्वर्ल-होलोग्रामसाठी बाहेरचा डिटेलर, खर्च शोरूमचा. हे ऐकायला अवघड वाटतं, पण शक्य असतं, कारण एका चांगल्या पॉलिशचा खर्च शोरूमला एक पॅनल बूथमध्ये (रंगकामाच्या बंद खोलीत) नेऊन रंगवण्यापेक्षा जड नसतो. अट एवढीच की काम करायच्या आधी एस्टिमेट ईमेलने पाठवा आणि मंजुरी लेखी घ्या. आधी काम, मग बिल, असं केलंत तर बिल टेबलावर पडून राहील. पैसे बँकेत मागा. 'पुढच्या सर्व्हिसिंगला अ‍ॅडजस्ट करू' म्हणजे त्याच वॉशिंग बेमध्ये पुन्हा जाण्याचं आमंत्रण.

वॉरंटीची भीती घालतील. त्याला उत्तर असं, की कोणत्या अटीनुसार ती जाते ते वॉरंटी पुस्तिकेतलं कलम दाखवून ईमेलवर लिहा. तोंडी भीतीला किंमत नाही.

पॅनल पुन्हा रंगवणं

क्लिअर आरपार गेला असेल तर इथेच यावं लागतं, आणि इथे पारडं फिरतं. आता बाहेरच्यापेक्षा कंपनीचं अधिकृत बॉडीशॉप बरं. त्यांच्याकडे कलर कोडप्रमाणे मिक्सिंग, बंद बूथ आणि कामाची लेखी हमी मिळते. सातपूर-अंबडमध्ये हातात जादू असलेले पेंटर आहेत, हे मान्य. पण पावसाळ्यात उघड्यावर मारलेल्या क्लिअरवर दमट हवेने पांढरट झाक येते, आणि शोरूमच्या चुकीची दुरुस्ती आपण आपल्या जोखमीवर का करायची?

तरीही रंगवणं शेवटचा उपाय. कारखान्यात रंग साधारण १४० अंशांवर भाजला जातो, तेव्हा गाडीत काच, वायरिंग, सीट काहीच नसतं. तयार गाडीला ती उष्णता देता येत नाही, म्हणून बूथमध्ये ६० अंशांच्या आसपास भाजतात आणि रंगही वेगळ्या प्रकारचा असतो. मेटॅलिक आणि पर्ल शेड शेजारच्या पॅनलवर ब्लेंड करावी, म्हणजे हळूहळू फिकी करत मिसळावी लागते, नाहीतर दरवाजा एका छटेचा आणि फेंडर दुसऱ्या. शिवाय पुढे विकताना मीटर लागतो आणि समोरचा म्हणतो, 'अपघात झाला होता का?' त्या दिवसासाठी शोरूमच्या लेटरहेडवर लिहून घ्या की हे पॅनल पॉलिशिंगमध्ये रंग घासल्यामुळे रंगवलं, टक्कर झालेली नाही. हा कागद फुकट मिळतो आणि फार कमी लोक तो मागतात.

कोणी सुचवेल, इन्शुरन्समध्ये टाका. टाकू नका. पॉलिसी अपघातासाठी असते, कारागिराच्या हलगर्जीपणासाठी नाही. त्यात खोटं कारण लिहावं लागतं आणि नो क्लेम बोनस (प्रीमियमवरची सूट) जातो, जो पाच वर्षं क्लेम न केल्यावर ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतो.

'फुकट सिरॅमिक करून देतो'

हा प्रस्ताव हमखास येतो, कधी त्याऐवजी पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म. दोन्ही नम्रपणे नाकारा, निदान दुरुस्तीआधी तरी. सिरॅमिक कोटिंग म्हणजे रंगावर चढवायचा संरक्षक लेप; त्याचा थर इतका पातळ असतो की तो चरे झाकत नाही, उलट त्यांच्यावर पारदर्शक झाकण बसवतो; मग काढायचे तर आधी कोटिंग घासा. पीपीएफ जाड असतं, १५० ते २०० मायक्रॉनचा, टीपीयू या लवचिक प्लॅस्टिकचा पापुद्रा. खडीच्या टवक्यांपासून ते खरोखर वाचवतं, पण होलोग्राम त्याखालूनही दिसतात. नुकत्याच रंगवलेल्या पॅनलवर तर ते घाईने लावूच नये. रंग पूर्ण वाळायला काही आठवडे जातात आणि उद्या फिल्म काढताना कच्चा रंग सोबत येऊ शकतो. आधी उत्तम दुरुस्ती, मग त्याच डिटेलरकडून कोटिंग, असा क्रम शोरूम मान्य करत असेल तर गोष्ट वेगळी.

काहीच न करणं

हा पर्याय जितका वेडगळ वाटतो तितका नाही. गाडी पांढरी किंवा सिल्व्हर असेल, चरे फक्त एका कोनातून दिसत असतील आणि तुम्ही ती आठ-दहा वर्षं वापरणार असाल, तर ते मायक्रॉन राखून ठेवणं शहाणपणाचं. सिंहस्थाच्या कामांची धूळ शहरभर असताना आज आरशासारखं केलेलं बॉनेट महिनाभर तसं राहील, याची खात्री कोण देणार? पॉलिश दोन वर्षांनी एकदाच करा, आणि भरपाई म्हणून रोख रक्कम घ्या. काळ्या, गडद निळ्या गाडीवर मात्र हे जमत नाही. रोज डोळ्यांत खुपतं.

ग्राहक आयोग

शोरूम हातच झटकत असेल तर कंपनीच्या कस्टमर केअरकडे लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बऱ्याच गोष्टी इथेच मिटतात. नाही मिटल्या तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे शोरूम दुसऱ्या शहरातलं असलं तरी नाशिकमध्येच. मोबदला, म्हणजे वस्तू किंवा सेवेसाठी तुम्ही मोजलेले पैसे, पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, दहा ते वीस लाखांत ४०० रुपये. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार हवी. कायद्यात निकालासाठी तीन महिने आणि तपासणी लागली तर पाच महिने म्हटलंय; प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ जाऊ शकतो, म्हणून फक्त स्वर्लसाठी मी हा रस्ता सुचवणार नाही. क्लिअर जाळला गेलाय, किंवा नवी म्हणून रंगवलेली गाडी गळ्यात मारलीय, तर जरूर जा.

तिथे पुराव्यावर सगळं ठरतं, कारण शोरूमचा बचाव ठरलेला असतो: हे चरे आधीपासूनच होते. गाडी सोडतानाचा उन्हातला व्हिडिओ, जॉब कार्ड, गाडी परत घेतल्या दिवशीचा व्हिडिओ, चोवीस तासांच्या आत पाठवलेली ईमेल, एखाद्या डिटेलरचं मीटरच्या आकड्यांसह लेखी मत. यातलं काहीही हातात नसेल तर फार ताणू नका, जे देतायत त्यातलं रोख घ्या.

तडजोडीच्या कागदावर 'पूर्ण समाधान, यापुढे कोणतीही तक्रार नाही' असं वाक्य असतंच. त्यावर सही दुरुस्तीनंतर दोन वॉश घरी करून, गाडी उन्हात बघून मगच. आणि पुढच्या सर्व्हिसिंगला जॉब कार्डवर स्वतःच्या हाताने लिहा: 'वॉशिंग, पॉलिश करू नये.' तोंडी सांगितलेलं वॉशिंग बेपर्यंत पोहोचत नाही, म्हणून तेच वाक्य चिकटपट्टीने स्टिअरिंगवरही लावा.