‘काकू, केसांना काय लावता?’

कोल्हापुरात कपिलतीर्थ मार्केट, महाद्वार रोड, लक्ष्मीपुरी या भागात बाजाराला जाणाऱ्या पन्नाशी-साठीच्या बायकांनी हे वाचावं, आणि आपल्या आईला, सासूला, जावेलाही वाचून दाखवावं. गर्दीत एखादी अनोळखी बाई जवळ येऊन तुमच्या केसांची चौकशी करू लागली, तर उत्तर न देता पुढे चालू लागा. ती एकटी नसते. तिच्या मागे दुकान असतं, दुकानात मिक्सर असतो, आणि त्या मिक्सरच्या भांड्यात माझे १५,६०० रुपये गेले.

माझे केस मुळात दाट. शाळेत नोकरीला होते तेव्हा अंबाड्याला जाळी पुरायची नाही. पाळी गेल्यानंतर ते बदलत गेले. आधी टोकं कोरडी पडली, मग भांग रुंद दिसू लागला, कानशिलाजवळचे पांढरे केस कितीही चापून बसवले तरी ताठ उभे राहू लागले. रात्री तेल लावावं आणि सकाळी बघावं तर हाताला काथ्या लागावा तसं. घरात यावर बोलायची सोय नसते. बोललंच तर ‘आता या वयात काय करायचंय केसांचं?’ असं ऐकावं लागतं. बीपीच्या गोळ्यांसाठी दवाखान्यात जाते, तिथेही हा विषय कधी निघाला नाही. आपल्या वयाच्या कितीतरी बायका हे मनातल्या मनात झुरत सोसतात. फसवणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं. त्यांचा सगळा धंदा त्या न बोललेल्या दुःखावर चालतो, आणि मला सर्वात जास्त राग त्याचाच आहे.

ती बाई चाळिशीची असेल. साधी सुती साडी, हातातल्या पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. म्हणजे बाजाराला आलेलीच वाटावी. मी टोमॅटो निवडत होते. ती शेजारी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “काकू, रागावू नका हं. केसांना काय लावता?” मी काही बोलायच्या आतच पुढे म्हणाली, “माझ्या आईचे अगदी अस्सेच झालेले. चारचौघांत जायची बंद झाली होती बिचारी. आता बघा की.” मोबाईलवर तिनं दोन फोटो दाखवले, एक आधीचा, एक नंतरचा. मग स्वतःची कमरेपर्यंतची वेणी पुढे घेऊन म्हणाली, “हात लावून बघा, मी पण तेच लावते.” माहेर कागलकडचं सांगितलं, माझं माहेर विचारलं, तिकडची एक आत्याही निघाली. “आमचं त्या दुकानाशी काही देणं-घेणं नाही. मी तिकडनंच चाललेय, वाटेत दाखवते.”

दुकान एका बोळात होतं. देवाची तसबीर, उदबत्ती, भिंतभर बरण्या, त्यांवर हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या. वैद्य कुठे आहेत विचारलं तर दुकानदार म्हणाला, “वैद्यबुवा गुरुवारी बसतात.” औषधांची यादी त्या बाईनंच आपल्या पर्समधून काढली. “आईला लिहून दिलेली तीच आहे, काकूंना चालेल ना?” दुकानदारानं मान डोलावली.

यापुढचं नीट वाचा, सगळी कला इथे आहे. त्यानं एकेक बरणी काढत भाव सांगायला सुरुवात केली. आवळा शंभर ग्रॅमला चाळीस, माका शंभर ग्रॅमला साठ. अशा पाच पावडरी झाल्या, सगळ्या मिळून तीनशेच्या. मग वरच्या फळीवरून एक छोटी बरणी खाली आली. आत राखाडी, किंचित चमकणारी पूड. “खरा गुण याचा. हिच्याशिवाय बाकीचं वाया.” भाव? “दोनशे ऐंशी.” त्याच सुरात, त्याच दमात, फक्त ‘शंभर ग्रॅमला’ हे शब्द यावेळी आले नाहीत. ऐकणाऱ्यानं मागचंच माप पुढे धरावं, अशीच ती मांडणी. काट्याचा आकडा त्याच्या बाजूला होता. त्यानं पूड तोलली, सगळं मिक्सरमध्ये ओतलं, झाकण दाबलं आणि घरघर सुरू झाली. ती थांबल्यावर कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे हिशेब मांडला: ती पूड पन्नास ग्रॅम, एका ग्रॅमला २८०, झाले १४,०००. वरच्या पावडरी ३००. सोबत लावायला तेलाची बाटली, १,३००.

मी म्हटलं, एवढं नको, ती पूड काढून ठेवा. “आता दळलंय सगळं. वेगळं कसं करणार आई? नुकसान कोण भरणार?” आवाज बदलला होता. दुकानातलं पोरगं दाराशी येऊन उभं राहिलं. ती बाई दंडाला धरून समजावू लागली, “काकू, मी पण आईसाठी एवढेच दिलेत, वसूल होतात बघा.” मोबाईलवरून पैसे देते म्हटलं तर स्कॅनर बंद. ते पोरगं एटीएमपर्यंत माझ्या सोबत चालत आलं आणि मशीनपाशी खेटून उभं राहिलं. परत आले तेव्हा ती कागलकडची बाई निघून गेली होती. पावती मागितली. “आयुर्वेदाला बिल नसतं.”

असल्या गोष्टीला बिल नसतं हे साफ खोटं आहे. विकलेल्या मालाची पावती न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. आयुर्वेदिक औषध असलं तरी बाटलीवर, पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक छापलेला असावा लागतो. माझ्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, रबरबँड लावलेली. आणखी एक, जे मला नंतर कळलं आणि प्रत्येकीनं लक्षात ठेवावं असं आहे: औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांत ‘शेड्यूल जे’ नावाची यादी आहे. कोणत्या तक्रारी औषधानं बऱ्या होतात असा दावा करायचा नाही, त्याची ही यादी. तीत टक्कल आहे, आणि केसांचा रंग बदलणं, नवे केस उगवणं हेही आहे. म्हणजे पांढऱ्याचे काळे आणि विरळाचे दाट करून देतो म्हणत औषध विकणारा माणूस पहिल्या वाक्यालाच नियम मोडत असतो.

खऱ्या वैद्यांविषयी मला आदर आहे. आमच्या आजीची सगळी दुखणी पेठेतल्या वैद्यांनीच सांभाळली. ते नाडी बघायचे, जीभ बघायचे, आधी खाणंपिणं विचारायचे, आणि मोठं दुखणं असलं तर सरळ दवाखान्यात जा म्हणायचे. बाजारात टोमॅटो घेताना पकडून आणायला त्यांनी कधी माणसं ठेवली नाहीत. त्यांच्या नावावर हे लोक जगतात.

ती पूड रोज सकाळी अनशापोटी चमचाभर घ्यायची होती. काही दिवसांत तोंडाला धातूसारखी चव येऊ लागली, मळमळ सुरू झाली. मुलीनं पिशवी बघितली, हिशेबाचं पान बघितलं आणि मला थेट सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेलं. केसपेपर काढून आम्ही त्वचारोग विभागात गेलो. तिथल्या मॅडमनी पूड आधी बंद करायला सांगितली. बिनलेबलच्या भस्मांमध्ये शिसं, पारा निघाल्याची उदाहरणं आहेत. यात काय आहे ते तपासल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही, पण पोटात घालायचं नाही. मग त्यांनी माझा भांग बोटांनी बाजूला करत, उजेडात धरत टाळू नीट तपासली. इतक्या वर्षांत हे कुणी केलं नव्हतं.

त्यांनी जे समजावलं ते मला आधी माहीत असतं तर त्या बाईच्या तोंडून शब्द निघायच्या आत मी वाटेला लागले असते, म्हणून इथे सविस्तर लिहिते. पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं. केसाचा वाढीचा काळ आखूड होतो, येणारा नवा केस आधीपेक्षा बारीक येतो. टाळूतल्या तेलग्रंथी वयाबरोबर कमी तेल सोडतात, त्यामुळे कोरडेपणा. पांढरा केस म्हणजे मुळाशी रंग तयार होणं थांबलेला केस. तो हाताला राठ लागतो आणि वळत नाही. कानशिलाजवळ माझे केस का ऐकत नव्हते ते तिथे कळलं. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. कुणी ‘पंधरा दिवसांत फरक’ म्हणून सांगितलं, तर तेवढ्या दिवसांत केस वाढतो फक्त अर्धा सेंटीमीटर. एवढ्यात वेणी दाट होणं शक्यच नाही, कुणाच्याही पुडीनं नाही. आणि टाळूबाहेर आलेल्या केसात जीव नसतो. त्याला ‘पोषण’ देता येत नाही, फक्त जपता येतं.

गळणं वयाचंच असेल असं धरून बसू नका, हे त्यांनी बजावून सांगितलं. रोज पन्नास ते शंभर केस जाणं नेहमीचं आहे. त्याहून जास्त जात असतील तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड, बी-१२ तपासून घ्यावं. मोठा ताप, ऑपरेशन, घरातला मोठा धक्का यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात आणि बहुतेकदा आपोआप सावरतात. काही औषधांमुळेही गळतात, पण म्हणून बीपीची गोळी मनानं बंद करायची नाही. भांग रुंद होत चालला असेल तर टाळूला लावायचं मिनॉक्सिडिल नावाचं औषध आहे. ते डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं. सुरुवातीला थोडे जास्त केस जातात, गुण यायला चार ते सहा महिने लागतात, आणि थांबवलं की मिळालेला फायदा जातो. माझ्या रक्तात फेरिटिन कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू आहेत.

घरी मी आता काय करते तेही सांगते, यात कुठेच हजारो रुपये लागत नाहीत. साधं खोबरेल तेल नहायच्या आधी तासभर लावते. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन निघून जाणं कमी करतं. बाकीची बरीच तेलं वरवर राहतात. अंगाच्या साबणानं केस धुणं बंद केलं. आमच्या पिढीतल्या पुष्कळ बायका अजून तेच करतात, पण साबण अल्कलीचा असतो, त्यानं कोरडा केस आणखी खडबडीत होतो. नुसता रिठाही फार सुकवतो, शिकेकाई सौम्य. शाम्पू घेतलाच तर तो टाळूला, आणि कंडिशनर लांबीला, टाळूला नाही. मंडईतून येताना छोट्या पुडीतला कंडिशनर आणला तरी माझ्या केसांना दोनदा पुरतो. नळाला पाणी नसलं की आमच्याकडे बोअरचं पाणी येतं, त्यात फेस होत नाही आणि केस चिकट-राठ होतात. त्या दिवशी शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घेते. टॉवेलनं खसाखसा पुसत नाही, जुन्या सुती साडीचा तुकडा गुंडाळून ठेवते. ओल्या केसांत बारीक फणी घालत नाही. आणि घट्ट अंबाडा सोडला, कारण कपाळावरचे केस ओढून ओढूनही जातात.

काळ्या मेहंदीचं वेगळं सांगायला हवं. मेहंदीच्या पानाचा रंग तांबूस येतो. काळाभोर येत असेल तर त्यात बहुधा पीपीडी हे रसायन असतं. काहींना त्यानं टाळू सुजते, डोळे बंद होतात इतकी. कानामागे थोडी लावून ४८ तास बघितल्याशिवाय ती डोक्याला लावू नका.

पैशांचं काय झालं? मुलगी दुकानात गेली तेव्हा ‘मिसळलेलं औषध परत होत नाही’ हे एकच पालुपद ऐकून आली. मग आम्ही पोलीस ठाण्यात अर्ज दिला. तिथून फोन गेल्यावर दुकानदार स्वतः ७,००० रुपये घेऊन आला आणि मिटवून टाका म्हणाला. मिटवलेलं नाही. नात्यातल्या काहींनी ‘तू शिकलेली असून?’ असं विचारलं. याच प्रश्नाच्या भीतीनं बायका गप्प बसतात. आमच्या भजनी मंडळात मी हे मोकळेपणानं सांगितल्यावर एका वहिनींनी डोळ्यांत पाणी आणून त्यांचंही सांगितलं. तशीच यादी, तसाच मिक्सर, आणि घरी नवऱ्याला आजतागायत माहीत नाही. त्यांचा हात धरून मी म्हटलं, वहिनी, मान खाली घालायची तर त्या दुकानदारानं घालावी, तुम्ही नाही.

ज्यांना तक्रार करायची आहे त्यांच्यासाठी: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग कोल्हापुरातच आहे. वकील लावलाच पाहिजे असं नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. विनालेबल औषधाबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळा अर्ज करायचा. उरलेली पूड, पिशवी, तेलाची बाटली यांतलं काहीही फेकू नका. मी सगळं तसंच बांधून ठेवलंय. एटीएमची पावती, बँकेच्या पासबुकावरची नोंद, दुकानाच्या पाटीचा फोटो, हिशेब केलेला कागद, हे जोडा. तो कागद मी निघताना काउंटरवरून उचलला होता. पन्नास गुणिले दोनशे ऐंशी त्यावर त्याच्याच अक्षरात आहे, आणि आमच्या तक्रारीत तोच पहिला पुरावा म्हणून लावलाय.