केसी मस्ग्रेव्हजचा 'गोल्डन अवर': आठ महिने रोज ऐकून झाल्यावर

डॅलसला आल्यावर पहिली दोन वर्षं मी कंट्री, म्हणजे अमेरिकन ग्रामीण ढंगाच्या संगीताच्या, वाटेला गेलोच नाही, गाडीत रेडिओ लावला की पिकअप ट्रक, बिअर आणि परत पिकअप ट्रक. मग ऑफिसातल्या एका टेक्सन मित्रानं केसी मस्ग्रेव्हज या टेक्सासच्याच गायिकेचा हा अल्बम ऐकायला सांगितला, तोही नाक मुरडून, "हे काय कंट्री नाही, पण तुला आवडेल." १३ गाणी, पाऊण तास, आणि माझा ऑफिसचा रस्ताही तेवढाच, त्यामुळे रोज एक पारायण होतं.

खरं सांगू, पहिल्या आठवड्यात झोप आली. सगळं एकदम गुळगुळीत, हायवेच्या आवाजात एक गाणं कुठे संपलं आणि दुसरं कधी सुरू झालं तेच कळेना. हेडफोन लावून ऐकलं तेव्हा कुठे उलगडायला लागलं. 'ओह, व्हॉट अ वर्ल्ड' सुरू होतं ते व्होकोडरमधून काढलेल्या यंत्रासारख्या आवाजानं, आणि मग मागून बँजो, कंट्रीतलं ठरलेलं तंतुवाद्य, येतो. इयन फिचक आणि डॅनियल टॅशियन या दोघांनी केसीबरोबर प्रोड्यूस केलंय, आणि सगळं भांडण याच मिश्रणावरून आहे.

समीक्षकांनी २०१८ मध्ये डोक्यावर घेतला, पुढच्या वर्षी ग्रॅमीचा अल्बम ऑफ द इयर, बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या, मुख्य यादीत पहिल्याच आठवड्यात चौथा नंबर. आणि कंट्री रेडिओ? त्यांनी जवळजवळ वाळीतच टाकला. ऐकणाऱ्यांतही दोन तट, एक म्हणतात कंट्रीला नवी हवा मिळाली, दुसरे म्हणतात हा पॉपच आहे, वरून हॅट घातलेला. 'हाय हॉर्स' तर सरळ सरळ डिस्को, त्यावर माझा मित्र अजून चिडतो.

मला विचाराल तर कंट्री शब्दांत आहे. 'स्पेस काउबॉय' हे नाव वाचून मला वाटलं अंतराळवीर वगैरे असेल, पण गाण्यात मध्ये एक स्वल्पविराम आहे, म्हणजे तुला हवी तेवढी 'स्पेस' घे, काउबॉय, जा. मोडलेल्या नात्यावरचं गाणं निघालं! असल्या कोट्या हा कंट्रीची राजधानी नॅशव्हिलचा जुनाच धंदा. आणि पहिल्याच 'स्लो बर्न'मध्ये नाक टोचलं म्हणून आजी रडते. आमची आजी बहिणीनं टोचलं नाही म्हणून रडली होती.

केसीचं गाव गोल्डन, डॅलसपासून दीडेक तास पूर्वेला. ऑक्टोबरमध्ये तिथे रताळ्यांची जत्रा भरते, आम्ही मुद्दाम गेलो होतो, गाव एवढंसं की बघता बघता मागे पडतं. तिथून येताना हाच अल्बम लावला आणि बायको म्हणाली, हिच्या गाण्यात घाई नाहीये कसली. एवढं बरोबर मला आठ महिन्यांत सुचलं नव्हतं.

तक्रारी आहेत. 'वंडर वूमन'पाशी गाडी रेंगाळते, 'व्हेल्वेट एल्विस' मी आता पुढेच ढकलतो. शिवाय हा सगळा नव्या लग्नाच्या आनंदातला अल्बम, आणि २०२० मध्ये तो संसार मोडला, २०२१ चा पुढचा अल्बम त्याच घटस्फोटावर. हे कळल्यापासून 'बटरफ्लाइज' पहिल्यासारखं ऐकूच येत नाही, जरा धाकधूक होते. रेकॉर्ड मागवली होती, ती पापडासारखी वाकडी आली, परत केली, पैसे मिळायला महिना गेला, तेव्हा फोनवरच ऐका.

पाचपैकी चार. साडेचार दिले असते, पण 'मदर' फारच छोटं आहे, जेमतेम सव्वा मिनिट. लांब राहणाऱ्या आईची आठवण, बस, एवढंच. सकाळी आठच्या सिग्नलला ते लागतं, तिकडे घरी तेव्हा संध्याकाळचे साडेसहा, आईची देवापुढे दिवा लावायची वेळ. मी आवाज बंद करतो आणि फोन लावतो, त्यामुळे पुढचं 'लव्ह इज अ वाइल्ड थिंग' माझं निम्म्या वेळा राहूनच जातं.