मधल्या मारुतीजवळचं काष्टौषधीचं दुकान: आधी ओळख, मग वजन

सोलापुरात मधल्या मारुतीजवळच्या एका बोळात जुनं काष्टौषधीचं दुकान आहे. पाटीवरची अक्षरं उन्हानं केव्हाच उडाली. आसपास विचारलं तर 'अण्णांचं दुकान' एवढंच सांगतात. मी १९९१ पासून तिथं जाते. औषधी वनस्पतींमधली रसायनं वेगळी करून ती तपासणं हे माझं आयुष्यभराचं काम. कॉलेजची प्रयोगशाळा लहान, अनुदान तुटपुंजं, आणि माझ्या संशोधनाचा निम्माअधिक कच्चा माल या दुकानातल्या पोत्यांतून आला. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तेव्हाच हे लिहायला हवं होतं.

पहिल्यांदा गेले ती किराईत आणायला. अण्णांनी तागडी हातात घेण्याआधी विचारलं, "काडे की पाले?" रसायनशास्त्राची पदवी घेऊनही मला हा फरक माहीत नव्हता. काडेकिराईत हिमालयाकडून येतं, पालेकिराईत आपल्याकडंही उगवतं. दोन्ही जहाल कडू, पण कुळं वेगळी आणि कडवटपणा आणणारी द्रव्यंही वेगळी. पालेकिराईतातलं कडू द्रव्य, अँड्रोग्राफोलाइड, १९११ मध्ये गॉर्टर या रसायनतज्ज्ञांनी शुद्ध स्वरूपात वेगळं केलं होतं. अण्णांकडच्या पाल्याचा मेथॅनॉलमध्ये अर्क काढून मीही त्याचे पांढरे स्फटिक मिळवले. द्रव्य ओळखण्याच्या चाचणीत, सिलिकाचा थर दिलेल्या प्लेटवर, २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली, त्याचा काळा ठिपका अगदी ठरल्या जागी उमटला तो दिवस मला अजून आठवतो.

नाव एक आणि झाडं अनेक, हा आमच्या क्षेत्रातला सर्वांत मोठा धोका. एकदा घाईत मी दुसऱ्या शहरातल्या एका व्यापाऱ्याकडून शंखपुष्पी मागवली. बाजारात या नावाखाली तीन-चार वनस्पती विकल्या जातात; केरळात तर गोकर्णीलाच शंखपुष्पी म्हणतात. आमच्याकडं भलतंच काही आलं होतं आणि ते कळेपर्यंत माझ्या विद्यार्थिनीचे सात महिने गेले होते. सगळी मोजमापं टाकून द्यावी लागली. ती रडली, मलाही रात्रभर झोप लागली नाही. अण्णांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बाई, तुमच्यासाठी मुळासकट अख्खं झाड ठेवत जाईन की." त्यानंतर प्रत्येक खेपेला माझ्या मालातलं फुला-फळांसह एक झाड ते वर्तमानपत्रात दाबून ठेवायचे. वनस्पतिशास्त्राचे आमचे सहकारी त्यावरून ओळख पटवायचे आणि नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जायचा. या सेवेचे वेगळे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत.

अशोकाची साल इथंच घ्या. रस्त्याकडेला उंच वाढतो तो अशोक वेगळा, औषधाला लागतो तो सीताअशोक. पहिल्याची साल दुसऱ्याच्या नावानं सर्रास खपवली जाते. अण्णा दोन्ही साली शेजारी ठेवून मोडून दाखवतात.

सर्पगंधा मागितलीत तर वैद्यांची चिठ्ठी लागेल. गिऱ्हाईकं चिडतात, पण मला हा नियम मनापासून पटतो. रसायनतज्ज्ञ सलीमुज्जमान सिद्दीकींनी १९३१ मध्ये सर्पगंधेच्या मुळातून अजमलीन हे द्रव्य वेगळं केलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरचे अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले, आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी त्यातलं रक्तदाब उतरवणारं द्रव्य, रेसर्पीन, हाती आणलं. जे मूळ रक्तदाब खाली आणतं, ते मनही खचवू शकतं. वाटीभर चूर्ण घरी नेऊन अंदाजानं घ्यायची ही वस्तू नव्हे. हा इतिहास मी एका दुपारी अण्णांना सांगितला. त्यांनी गल्ला बंद करून शेवटपर्यंत ऐकला.

उणिवाही सांगते. तयार चूर्णं इथं घेऊ नका: दळल्यावर ओळख पटवणं माझ्यासारखीलाही सूक्ष्मदर्शकाशिवाय जमत नाही, आणि डब्यांवर दळल्याची तारीख नसते. बिलावर शास्त्रीय नाव मागितलं तर मिळत नाही. संशोधक विद्यार्थ्यांनी ते स्वतः लिहून न्यावं. पावसाळ्यात खालची पोती दमट होतात, तेव्हा माल हात घालून आतला बघा. दुपारी दोन ते पाच दुकान बंद. उन्हाळ्यात तर सहाच्या आधी जाऊच नका.

अण्णा आता क्वचित येतात, मुलगा बसतो. तो माल नीट सांभाळेल का, अशी धाकधूक मला होती. मागच्या आठवड्यात लोकर रंगवायला डाळिंबाची साल हवी होती. सालीतल्या टॅनिनमुळं रंग धाग्याला धरून राहतो. सोलापुरात डाळिंबाच्या सालीला काय तोटा, म्हणून मी नुसतीच "अर्धा किलो दे" म्हणाले. त्यानं तागडी खाली ठेवली.

"बाई, फळाची की मुळाची?"